हरणाऱ्या टीमच्या अक्का

दर सोमवारी सकाळी अक्का भाकऱ्या थापता थापता अमेरिकन फुटबॉलची मॅच बघायच्या. मॅच रात्रीच होऊन गेलेली असायची, पण निकाल आधी कळू नये म्हणून त्या मोबाइलवरचे मेसेजही उघडायच्या नाहीत. मूळच्या एरंडोलच्या, पन्नाशीला आलेल्या अक्का जळगावातल्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगच्या प्रमुख होत्या. आम्ही लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधणं हे त्यांचं काम.

हा नाद त्यांना लागला तो आमच्या अमेरिकन साहेबापायी. ब्रायन त्याचं नाव. त्याची टीम जवळजवळ दर आठवड्याला हरायची, आणि मग सोमवारी संध्याकाळच्या व्हिडिओ कॉलवर तो आमच्या प्रत्येक कामात खोट काढायचा. निदान त्याच्या मूडचा अंदाज यावा म्हणून अक्कांनी त्या खेळाचे नियम शिकून घेतले. ऑफिसात आल्या आल्या डबा टेबलावर ठेवायच्या आणि सांगायच्या, "आज साहेब तापेल शे. बठ्ठा जण जपीसन बोला." मग आम्ही सगळे जपूनच बोलायचो.

हळूहळू मात्र त्या स्वतःच त्या टीममध्ये अडकल्या. हाताशी आलेली मॅच शेवटच्या दोन मिनिटांत घालवली की दिवसभर कुणाशी धड बोलायच्या नाहीत. "पुढला साल जिकतीन," हे मी त्यांच्या तोंडून सलग चार वर्षं ऐकलं.

मला नोकरीला लागून सहा महिने झाले होते तेव्हाची गोष्ट. ब्रायनच्या टीमचा किकर, म्हणजे लाथेने चेंडू दोन खांबांमधून पलीकडे धाडणारा गडी, अगदी शेवटच्या क्षणी चुकला आणि मॅच गेली. नेमकी त्याच दिवशी माझी एक चूक ग्राहकांपर्यंत पोहोचली होती. दोन तास कुणाला लॉगिनच करता येईना. हे कुणी लिहिलं, एवढंच ब्रायनने कॉलवर विचारलं. अक्का शांतपणे म्हणाल्या, तपासलं मी होतं, माझ्या नजरेतून सुटलं. तो ऐकेना. ज्याने लिहिलं त्याला आजच काढा, म्हणाला. त्यावर अक्कांनी विचारलं, तुमच्या किकरला काढलं का?

"तासाभरापूर्वीच काढलं," ब्रायन म्हणाला.

आम्ही सगळे खाली बघू लागलो. अक्काही जरा अडखळल्या. मग म्हणाल्या, "हा मुलगा ही चूक आता जन्मात करणार नाही. नवा आणाल, तो पहिल्यांदा करेल."

ब्रायनने पुढचा विषय काढला. मी राहिलो. पुढल्या रविवारी नव्या किकरने दोनदा चेंडू बाहेर घालवला. कॉलवर अक्कांनी त्याचा उल्लेखही केला नाही. मला मात्र जेवताना तीनदा सांगितलं.

गेल्या हिवाळ्यात ब्रायनचीच नोकरी गेली. निरोपाचा कॉलसुद्धा झाला नाही. त्याचं कंपनीतलं खातं बंद झालेलं दिसलं तेव्हा आम्हाला कळलं. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं.

माझेही जळगावातले ते शेवटचे दिवस होते. पुण्याची नोकरी ठरली होती. पुढच्या सोमवारी नव्या साहेबाचा कॉल संपला, सगळे उठले, पण अक्का फोन लावत बसल्या. कुणाला, विचारलं तर म्हणाल्या, ब्रायनला. तो आता आपला साहेब राहिला नाही, हे मी त्यांना सांगून पाहिलं.

"टीम हारनी ना त्यानी," अक्का म्हणाल्या. "कोनीतरी बोलाले पाहिजे."

पलीकडून फोन उचलला गेला. अक्कांनी आपल्या खास एरंडोली इंग्रजीत मॅचच्या पहिल्या मिनिटापासून सुरुवात केली. मी खांद्यावरची बॅग खाली ठेवली आणि खुर्ची ओढून बसलो. पाऊण तास झाला तरी दोघं पहिल्या हाफमध्येच होते.