चांगो कंडक्टरच्या दोन ओळी

टोकावड्याच्या नाक्यावर, किशोरच्या हॉटेलाच्या भिंतीला एक काळा फळा टांगलेला असायचा. त्यावर रोज सकाळी चांगो विशे बातम्या लिहायचे. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाल्यावर हे काम त्यांनी स्वतःच अंगावर घेतलं होतं. कल्याणकडून येणाऱ्या गाडीतून पेपरचा गठ्ठा उतरला की चहा घेत घेत ते सगळा पेपर वाचायचे आणि मग ठसठशीत अक्षरात चार बातम्या फळ्यावर उतरवायचे. खाली रेघ मारून ‘माझे मत’ म्हणून दोन ओळी स्वतःच्या. दवाखान्यात डॉक्टर का नसतो, मंत्री बोलले त्यात खरं किती, असलं काहीबाही. माळशेजकडची गाडी येईपर्यंत लोक वडा खात ते वाचायचे, हसायचे, वाद घालायचे.

बायको गोदू होती तेव्हा दुपारी जेवताना विचारायची, “आज काय लिवलंत?” तिला वाचता येत नव्हतं. चांगो तिला सगळं तोंडी सांगायचे. गोदू गेली, मुलगी सोनाली लग्न होऊन बदलापूरला गेली. त्यानंतर नाक्यावर जी काय चार माणसं भेटत, तेवढीच त्यांची.

मे महिन्यात सीमेवर युद्ध पेटलं. किशोरच्या हॉटेलातला टीव्ही दिवसभर ओरडू लागला. शहरांतून दिवे घालवायचा सराव ठेवला होता. चांगोंनी लिहिलं : ‘शहरात ब्लॅकआऊटचा सराव. वरच्या पाड्यांना सरावाची गरज नाही, तिकडे रोजच असतो.’ त्या दिवशी लोक मनापासून हसले. मितेश नावाचा तरुण मुरबाडच्या कारखान्यात कामाला जायचा. त्याने तर चांगोंच्या पाठीवर थाप मारली.

पुढच्या दिवशी टीव्हीवाल्याने सांगितलं, शत्रूचं एक अख्खं शहर आपल्या ताब्यात आलं. नाक्यावर फटाके वाजले. मितेश म्हणाला, “काका, पहिली ही बातमी लिवा. मोठ्या अक्षरात.”

“पेपरात नाय आली अजून,” चांगो म्हणाले. “सैन्याने सांगितलं की लिवतो.”

“टीव्हीवर दाखवतात ते खोटं?”

“मी खोटं म्हटलं का? थांब म्हटलं.”

ती बातमी संध्याकाळपर्यंत टीव्हीवरूनच गुपचूप नाहीशी झाली. पण चांगो थांबले होते, हे मात्र कुणी विसरलं नाही.

मग पेपरात एका कोपऱ्यात बातमी आली. कुठल्याशा शहरात एका कॉलेजच्या मुलीने मोबाईलवर युद्धाविरुद्ध काहीतरी लिहिलं, म्हणून पोलिसांनी तिला घरातून उचललं. चांगोंनी ती बातमी फळ्यावर घेतली. रेघ मारली. बराच वेळ खडू हातात धरून उभे राहिले आणि मग लिहिलं : ‘जवान आपले, देश आपला. एका पोरीच्या लिहिण्याने मोडेल इतका तो कच्चा नाही. तिला सोडा.’

मितेशने फळ्याचा फोटो काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘आपल्या गावातला पाकिस्तानी.’ दुपारी चांगो जेवून परत आले तेव्हा फळ्यावर कुणीतरी शेण फासलं होतं. किशोर बादली घेऊन तो धुवत होता. मान वर न करता म्हणाला, “काका, माझं गिऱ्हाईक तुटतं. तुमी बातम्या लिवा, बाजारभाव लिवा, कोण वारलं ते लिवा. खालचं तेवढं नको.”

“खालचंच तर माझं असतं रे. वरचं सगळं पेपरातलं.”

“मग नका लिवू.”

किशोरच्या आवाजात राग नव्हता, म्हणून चांगोंना जास्त लागलं. त्यांनी ओला फळा काढला, डोक्यावर घेतला आणि भर उन्हात घरी आणला. वाटेत ओळखीचे कितीतरी भेटले. ओझं दिसत असूनही कुणी हात लावला नाही.

फळा आता त्यांच्या ओटीवर आला. घर गावाच्या टोकाला, पुढे नुसती पालापाचोळा जाळून भाजावळ केलेली शेतं. तिथून कुणी येत-जात नव्हतं. तरी चांगो रोज लिहायचे. त्याच आठवड्यात भावकीत हळद होती. ते गेले. मांडवात खुर्चीवर बसले तर दोन्ही बाजूच्या खुर्च्या रिकाम्याच राहिल्या. वाढपी आला, भात वाढून काही न बोलता पुढे गेला. डीजेवर देशभक्तीची गाणी लागली तेव्हा चांगोंना वाटलं, आपणही उठावं, चार पावलं नाचावं. त्यांना ती गाणी आवडायची. पण ते उठले असते तर लोकांना नाटक वाटलं असतं. ते अर्ध्या पानावरून उठले आणि हात धुऊन घरी आले.

सोनालीचा फोन आला. “बाबा, मला इथे लोक फोटो दाखवतात. नका ना लिहू. एकटे राहता तुम्ही.”

“एकटा आहे म्हणून तर लिहितो गो,” एवढंच ते म्हणाले.

त्या दिवसांत ओटीवर एकच माणूस चढलं. वरच्या पाड्यावरची बाईजा. तिचा मुलगा प्रणय सैन्यात होता आणि त्याचा फोन बंद होता. ती करवंदांची पाटी खाली ठेवून जोत्यावर बसली.

“दादा, तुमी पेपर वाचता. खरं काय ते सांगा. टीव्हीवाले सांगतात जिंकलो जिंकलो. माझा पोर जेवला का, ते कोण सांगत नाय.”

चांगोंना वाटलं, काहीतरी धीराचं बोलावं. पण ते म्हणाले, “बाईजा, मला नाय माहीत गो. पेपरात त्याच्याबद्दल काय नाय.”

“बरं झालं,” ती म्हणाली. “बाकीचे सगळे म्हणतात, काय होत नाय त्याला. त्यांना कसं माहीत?”

जाताना तिने ओंजळभर करवंदं पानावर काढून ठेवली.

पुढे युद्ध एकदम थांबलं. दोन्हीकडच्या सरकारांनी तसं जाहीर केलं आणि नाका भडकला. संध्याकाळी मितेश स्वतःहून चांगोंच्या ओटीवर आला. चांगोंना इतका आनंद झाला की तो काय म्हणतो ते न ऐकताच त्यांनी आत जाऊन चहाचं आधण ठेवलं.

“काका, आता घ्या सरकारला फैलावर,” मितेश बाहेरून म्हणाला. “हातातोंडाशी आलेलं सोडून दिलं. आता आमी पण तुमच्या बाजूने. फळा परत नाक्यावर लावू.”

चांगो बाहेर आले. “मी सकाळीच लिवलंय. वाच.”

फळ्यावर होतं : ‘युद्ध थांबले. सरकारने योग्य केले. आभार.’

मितेशने ते दोनदा वाचलं. “तुमी नक्की कोणाच्या बाजूचे, काका?”

“आज सरकारच्या.”

मितेश चप्पल घालून निघाला. “अरे, चहा,” चांगो म्हणाले, पण तोवर तो शेतात उतरला होता.

प्रणय पावसाच्या तोंडावर सुट्टीवर आला. नाक्यावरून उघड्या जीपमधून मिरवणूक निघाली. चांगोंना कुणी बोलावलं नव्हतं, तरी ते इस्त्रीचा शर्ट घालून गेले आणि गर्दीच्या मागे उभे राहिले. पुढारी बोलले. मग प्रणयच्या हातात माईक दिला. तो रोड झाला होता, डोळे खोल गेले होते. तो म्हणाला, “मला घरी जाऊ द्या. मला झोप पायजे.”

लोकांना तो विनोद वाटला. टाळ्या पडल्या, शिट्ट्या झाल्या. चांगोंनी बाईजाकडे बघितलं. तिने माईकवाल्याला बाजूला सारलं, पोराच्या दंडाला धरलं आणि त्याला जीपमधून खाली उतरवलं. मायलेक पाड्याची वाट चढू लागले. जीप, डीजे, फुलं, सगळं मागे राहिलं. थोडा वेळ लोकांना काय करावं कळेना. मग गाणं पुन्हा सुरू झालं.

चांगो घरी आले, शर्ट खुंटीला लावला, तांदूळ धुवायला घेतले. सोनालीचा फोन आला.

“गावात आता बोलतात ना बाबा तुमच्याशी?”

“बोलतात की,” चांगो म्हणाले आणि चुलीवर आधण आलंय म्हणून त्यांनी फोन ठेवला.