मानेने दिलेला नकार

दोन वर्षं माझी मान डावीकडे वळायची आणि असे झटके द्यायची की लांबून बघणाऱ्याला वाटावं, गुरुजी सगळ्यालाच नाही म्हणताहेत. वर्गात उजवीकडची रांग बिनधास्त कॉप्या करायची. म्हणून मानेतल्या इंजेक्शनांऐवजी पोटात घ्यायच्या नव्या औषधाची चाचणी निघाली, तेव्हा मी आनंदाने सही केली.

दवाखान्यातल्या बाकावर सुरतेजवळच्या कडोदऱ्याचा एक लूम कारीगर भेटला, यंत्रमागावर कापड विणणारा. मूळचा धुळ्याकडचा, आणि मान उजवीकडे. तो माझ्या डाव्या हाताला बसला की आम्ही तासभर एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहायचो. जागा बदलली की दोघे दोन भिंतींकडे. नर्सबाईंना वाटायचं, आमचं भांडण झालंय.

दोघांना सारख्याच पांढऱ्या कॅप्सूलची बाटली मिळाली होती. कुणाला औषध आणि कुणाला नुसती पूड, हे डॉक्टरीणबाईंनाही ठाऊक नव्हतं. मला मात्र तिसऱ्या आठवड्यात कळलं. माझी मान सैलावली, उजवी रांग सावरून बसली. त्याची मान होती तशीच राहिली. डावीकडच्या लूमवर धागा तुटला तर त्याला दिसायचा नाही, आणि शेठने दिवाळीपर्यंतच ठेवीन म्हणून सांगितलं होतं.

त्या दिवशी त्याने नेहमीसारखा डबा उघडला, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली. मग तितक्याच सहज म्हणाला, "गुरुजी, एकना बाटलीमा खरी शे, एकना बाटलीमा खोटी. मिसळी टाकूत. दोन्हीस्ले अर्धी अर्धी भेटी."

मी काही संत नाही. पण तोंडात त्याचीच भाकरी, नाही म्हणायला जीभ रेटेना. मी जोरजोरात मान हलवली. त्याला वाटलं, झटका आला. त्याने मायेने माझी पाठ चोळली आणि दोन्ही बाटल्या डब्याच्या झाकणात ओतल्या.

महिन्याभराने त्याची मान बरीच सरळ झाली. माझी पुन्हा डावीकडे निघाली. मला त्याचा राग येत होता आणि रागाची लाजही वाटत होती. तपासताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, सगळ्या कॅप्सूल तुम्हीच घेतल्यात ना? बाहेर बाकावर तो खाली बघत बसला होता. माझी मान हलली, नाही. या वेळीही मी खरोखरच नाही म्हणत होतो. त्यांनी मोजपट्टी लावली आणि झटके वाढल्याची नोंद केली.

त्याची नोकरी टिकली. शेवटच्या तपासणीला तो सवयीने माझ्या डाव्या हाताला बसला. त्याची मान आता समोर राहत होती. तरी बोलायचं असलं की तो आपणहून माझ्याकडे वळायचा.