आपोआप वाजणारा भोंगा

सत्तरच्या दशकात सोलापुरातल्या एका गिरणीचा सकाळचा भोंगा मी वाजवायचो. भोंगा झाला की फाटक बंद. म्हणून आधी खिडकीतून रस्ता बघायचो. डबा सावरत पळत येणाऱ्या बायका आत आल्या, की मगच खटका दाबायचो. उशीर झाला की मॅनेजर झापायचा, लवकर वाजला की बायका शिव्या घालायच्या.

मग मालकांनी आपोआप भोंगा वाजवणारं घड्याळ बसवलं. खटका काढून नेला, मला मात्र त्याच खुर्चीत ठेवलं, देखरेखीला. देखरेख कसली डोंबलाची! माझ्याकडे कुणी फिरकेना. शिव्यासुद्धा बंद झाल्या.

एकदा एक बाई फाटकाबाहेर राहिली आणि खिडकीशी आली. मी म्हणालो, "घड्याळानं वाजवला, बाई. माझ्या हातात काही नाही."

"मग तुमी हितं कशाला बसलाय?"