सतरा नंबरचं पाखरू

थर्ड शिफ्ट मागून घेणारा माणूस चाकणच्या पट्ट्यात मी एकच पाहिला, तो म्हणजे आमचे रातवेकाका. रातवा हा रात्री हिंडणारा पक्षी. काकांचं खरं आडनाव वेगळंच होतं, पण ते पगाराच्या स्लिपेपुरतं. रात्रीच्या चहाला सगळे मोबाइलमध्ये मुंडी घालत आणि काका कँटीनमागे मुंडी वर करून उभे राहत. थंडीत उत्तरेकडून येणारे कितीतरी पक्षी रात्रीच उडतात, दिसत नाहीत, नुसते ओरडत जातात, हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. मी मेंटेनन्सला नवा होतो. मला वाटलं, नव्या पोराची चेष्टा चाललीय.

पक्षी ओळखायच्या विकतच्या पुस्तकांवर त्यांचा राग होता. "पोट पांढरं, शेपटीवर पट्टा. अरं, अंधारात पट्टा कुणाला दिसतोय? आन् आवाज इचारशील तर समद्यांचा मंजुळ." म्हणून त्यांनी वहीत स्वतःचंच पुस्तक लिहायला घेतलं. सगळी नोकरी क्वालिटीत गेलेली, मशीनचं दुखणं त्यांना कानानं कळायचं, तेव्हा पाखरंही त्याच भाषेत उतरली. तुतवार : हवेची नळी तीन ठिकाणी गळतीय. चक्रवाक : फोर्कलिफ्टचा जुना हॉर्न, लांबून. हसू नका. महिन्याभरात आमचा वेल्डरसुद्धा चहा पिता पिता "काका, नळी गळाली" म्हणायला लागला, आणि वर खरोखर तुतवार असायचा.

शेवटच्या पानावरच्या सतरा नंबरवर त्यांचा फार जीव. दोन बारीक किरकिरी आणि एक लांब कण्हणं. हा आवाज कुठल्याच पुस्तकात नव्हता. त्याच्याखाली नोंद होती, 'गुरुवारी येत नाही.' गुरुवार म्हणजे आमची साप्ताहिक सुट्टी. त्या दिवशीही काका दिघीहून स्कूटर मारत यायचे आणि गेटवर वॉचमनशेजारी कान लावून बसायचे, म्हणून तर इतकी बारीक नोंद. "पाखराला बी सुट्टी लागती," असं त्यांचं ठाम मत होतं.

मग एका रात्री तक्रार आली म्हणून मी छतावर चढलो आणि करकरणाऱ्या एक्झॉस्ट पंख्याला ग्रीस दिलं. खाली उतरलो तर काका आभाळाकडे बघत उभे. "गेला सतरा नंबर. आत्ता, बोलता बोलता." माझ्या हातात ग्रीसगन होती. मी ती पाठीमागे धरली.

दोन महिने मी गप्प बसलो. मग काकांची रिटायरमेंट जवळ आली. त्या दिवशी शिफ्टमधल्या प्रत्येकाला छापील पुस्तक द्यायचं त्यांनी ठरवलं, आणि वही आकुर्डीच्या छापखान्यात पोचवायचं काम माझ्यावर आलं. मुखपृष्ठावर सतरा नंबरच होता. कधीच न दिसलेल्या पक्ष्याचं चित्र काकांनी स्वतः काढलं होतं, डोक्यावर तुरा वगैरे. मी बाइकला किक मारली आणि परत खाली उतरलो. उद्या कुणी जाणकार हे पुस्तक बघून काकांना हसला असता तर ते मला सोसलं नसतं. काकांना गाठून सगळं सांगून टाकलं.

 काका हळूच म्हणाले, "गुरुवार." आणि असे हसत सुटले की हातातला चहा शर्टावर सांडला. वही घेऊन त्यांनी सतरा नंबर खोडला नाही, खाली एक ओळ वाढवली : 'पंखा. ग्रीस दिल्यावर स्थलांतर करतो.' चित्रही तसंच ठेवलं, तुऱ्यासकट.

आता काका राजगुरुनगरला असतात आणि चहाच्या सुट्टीत माझीच मुंडी वर जाते. काकांची फार आठवण येते. परवा थंडी पडली तसा पंखा पुन्हा कण्हायला लागला. मी छतावर जाऊन काकांना फोन लावला आणि पंख्यासमोर धरला.

"सतरा नंबर आलाय, काका."

"बरा हाय ना? ग्रीस घाल आधी, बेअरिंग जाईल त्याचं."

मी तो पंखा बंद केला. तेवढ्यात डोक्यावरून एक आवाज गेला. नळी नाही, हॉर्न नाही, काहीतरी निराळंच.

"ह्यो वहीत न्हाई," पलीकडून काका कुजबुजले. "अठरा नंबर. पाखरूच हाय ना, नीट बघ."

मी छतावरचे उरलेले पंखेही एकेक करून बंद केले. आवाज पुन्हा आला. मग हो म्हणालो.