मॅग्डालाच्या चार तोफा

वसईचे फेलिक्स तुस्कानो मुंबईच्या गोदीत पस्तीस वर्षं फिटर होते. निवृत्त होऊन लेकीकडे परदेशी, मिसिसागाला आले, पण गोदी काही सुटली नाही. बेसमेंटमध्ये वॉशिंग मशीनशेजारी त्यांनी ती पुन्हा थाटली. तिथे लाकडी पट्टीला पट्टी जोडत ‘मॅग्डाला’ची छोटी प्रतिकृती बांधली. मॅग्डाला म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबई बंदराची राखण करणारी, लोखंडी चिलखताची, कासवासारखी बसकी युद्धनौका. बायको पॉलिन शेजारी विणत बसायची आणि “आधी किचनचा नळ बघा,” म्हणून टोमणे मारायची. पण तोफांना नळ्या मिळेनात, तेव्हा तिनेच विणायच्या दोन सुया पुढे केल्या. “कापा!” दोन सुयांच्या चार तोफा झाल्या. पितळी पाटीवर नाव आणि १८९५ हे सालही तिनेच कोरलं. त्या साली तिचे पणजोबा खऱ्या मॅग्डालावर खलाशी लागले होते.

पॉलिनला जाऊन आता वर्ष झालं. शनिवारी लायब्ररीच्या प्रदर्शनात बोट मांडायची होती आणि बुधवारी एका पुस्तकाने घात केला. तोंडातून बार भरायच्या जुन्या तोफा १८९२ सालीच काढून मॅग्डालावर मागून भरायच्या, लांब तोफा बसवल्या होत्या. म्हणजे १८९५ची पाटी खरी, तर सुयांच्या आखूड, जुन्या पद्धतीच्या तोफा खोट्या.

“डॅड, नोबडी विल नोटिस,” लेक वेन्डी म्हणाली.

“मी केलं ना नोटिस!”

चुकीचं काम गोदीबाहेर जाऊ द्यायचं नाही, हा जन्माचा हट्ट. पण पॉलिनच्या सुया उपटायच्या कोणत्या हाताने? गुरुवारी दिवसभर ते बेसमेंटकडे फिरकले नाहीत. जेवणही गोड लागेना.

शुक्रवारी सकाळी मात्र खाली उतरले. नव्या तोफा घडवल्या, जुन्या हलकेच सोडवल्या. डोळे भरून आले, ते पुसायला हात मोकळे नव्हते. जहाजावरून काढलेल्या भागाला नंबराची चिठ्ठी बांधायची, ही गोदीची रीत. त्यांनी पॉलिनच्या टोपलीतली लोकर घेऊन चारही तोफांना चिठ्ठ्या बांधल्या, बोटीशेजारी छोटा लाकडी धक्का केला आणि त्यावर तोफा ओळीने मांडल्या.

शनिवारी लायब्ररीत वेन्डीने वाकून पाहिलं. चिठ्ठ्यांवर नंबर नव्हते. चारही ठिकाणी एकच नाव होतं, पॉलिन.

“डॅड, यू टुक देम आउट?”

“कामावरनं काढल्यात गो,” फेलिक्स म्हणाले. “घरातनं नाय.”