एकोणऐंशी

सुंदराबाईंना वय विचारलं की आकड्यावर भागत नाही, त्याचं सगळं खानदान ऐकावं लागतं. देवरूखजवळच्या आमच्या गावात त्यांनी जन्मभर गणित शिकवलं. मीही त्यांच्या छड्या खाल्ल्यात. आता शेजारीच राहते, त्यामुळे ऐकायचं माझ्याच नशिबी.

यंदा त्यांना एकोणऐंशी पूर्ण होणार होती. मूळ संख्या आहे हो नम्रता, असं महिनाभर चाललेलं. दोनाने जात नाही, तिनाने जात नाही, साताने भागायला जा तर दोन उरतात. उलटी लिहिली की सत्त्याण्णव, तीही मूळच! मी तांदूळ निवडता निवडता हूं हूं करायची. आकड्याचं मला काडीचं कौतुक नव्हतं. पण हे सगळं त्यांना नातीला सांगायचं होतं, एवढं कळत होतं. मुलगा महेंद्र मुंबईला, त्याची आम्रपाली तिकडेच कॉलेजात. बाईंचे यजमान गेल्यापासून त्या मंडळींना गावाची वाटच सापडत नाही. या वाढदिवसाला मात्र आम्रपाली येते म्हणाली होती. बाईंनी घावण्यांचं पीठ भिजवलं, पलंगावर नवी चादर घातली.

सकाळी तिचा फोन आला. परीक्षा मध्येच आली, जमत नाही, केक पाठवते. आजी, कितवं गं? बाई एकोणऐंशी म्हणाल्या आणि मूळ संख्येचं काढणार, तोच फोन बंद झाला.

दुपारी रिक्षाने केक आला. वर आकड्यांच्या दोन मेणबत्त्या, आठ आणि नऊ. माझं डोकंच फिरलं. घरच्या माणसाला वय ठाऊक नसावं? दहा वर्षांनी म्हातारी करून ठेवली! बाई मात्र हसल्या. इंग्रजी शाळेतली पोर, तिने ऐंशी ऐकलं नि पुढे नऊ लावले, एवढंच. एकोणनव्वदही मूळच असते, म्हणाल्या. मग त्यांचं हसू गेलं आणि त्यांनी दोन्ही मेणबत्त्या काढून बाजूला ठेवल्या.

संध्याकाळी आम्रपालीने पुन्हा फोन केला, केक आवडला का म्हणून. मी चांगली झाडणार होते तिला, पण बाईंनी हाताने गप्प केलं. आकडा चुकला हे त्यांनी शांतपणे सांगितलं, वर्गात सांगत तसं.

"एकोण म्हणजे एक उणा, बाय. ऐंशीला एक यायचा राहिला."

पोर ओशाळली. सॉरी आजी, आता त्या मेणबत्त्यांचं काय करणार, असं तिने विचारलं.

"जपून ठेवते. दहा वर्षांनी बरोबर होतील. तेव्हा तरी ये."

बाईंनी फोन ठेवला, दोन्ही मेणबत्त्या पदराने पुसल्या आणि मला केकचा तुकडा दिला.