तात्यांच्या डाव्या हातातली भाकर

चर्चमधल्या उपासनेत प्रभूची प्रार्थना सुरू झाली की मी सगळ्यांबरोबर मोठ्याने म्हणायचे. आम्ही इतरांना क्षमा केली आहे, या अर्थाची ओळ आली की मात्र नुसते ओठ हलवायचे. शेजारच्या बायकांच्या ते कधी लक्षात आले नाही. मला दर रविवारी कळायचे आणि तरीही पुढच्या ओळीला मी पुन्हा आवाज लावायचे.

याचे कारण माझे चुलते, तात्या. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेली मी पहिली. नगरला वसतिगृहात राहून शिकत होते तेव्हा तात्या मंडळीच्या सभेत उभे राहून म्हणाले, "पोरगी नगरला शिकाया न्हाई, दुसऱ्याच उद्योगाला जाती." ते धादांत खोटे होते. ठरलेले लग्न मोडले, ते मी सोसले. पण माझे वडील उपासनेत पुढे उभे राहून गीत सुरू करून द्यायचे. त्या सभेनंतर ते दाराशी, चपलांजवळ बसू लागले आणि शेवटपर्यंत तिथेच बसले. त्यांना मूठमाती देताना मी मनाशी ठरवले, तात्या स्वतःच्या तोंडाने चूक कबूल करीत नाहीत तोवर माफी नाही.

आता मी राहुरीत शिक्षिका आहे, आणि मंडळी तीच, वडिलांची. आमच्या मंडळीत एक जुनी रीत आहे. आजाऱ्याला घरी जाऊन प्रभुभोजनाची भाकर देतात तेव्हा एकट्याला देत नाहीत. पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, त्याच्या हातात तुकडा ठेवतात. तो मोडून अर्धा सोबत आलेल्याला द्यायचा, म्हणजे खाटेवरच्या माणसाला आपण मंडळीतून तुटलो असे वाटत नाही. सोबत बहुधा पाळकीणबाई जातात. गेल्या हिवाळ्यात त्या तापाने पडल्या होत्या आणि ऊसतोडीमुळे बाकीचे रानात होते. आमचे पाळकसाहेब नवीनच आलेले, माझ्या वडिलांच्या वयाचे. शाळेच्या फाटकाशी मोटारसायकल थांबवून म्हणाले, "बाई, देवळाली प्रवऱ्याला एका आजाऱ्याकडं जायचंय. सोबतीला येता का?" अशा कामाला आपल्याला बोलावले याचा मला थोडा अभिमानच वाटला.

देवळालीत मंडळीची घरे पुष्कळ, म्हणून तात्यांचा विचार मनात आला नव्हता; कालव्याच्या कडेने गाडी वळली तेव्हा मला त्यांच्या घराचा रस्ता ओळखू आला. "थांबवा" म्हणावेसे वाटले, पण म्हटले नाही. त्यात भक्ती कसलीच नव्हती. कारण सांगावे लागेल, याची लाज होती.

तात्यांना पक्षाघात झाल्याचे ऐकून होते. ते भिंतीला टेकून बसले होते. उजवा हात मांडीवर निर्जीव पडलेला, तोंड एका बाजूला ओढलेले. त्यांना तसे पाहून मला आधी बरे वाटले. हे लिहिताना हात अडतो, पण वाटले ते तसेच होते.

पाळकसाहेब हात धुवायला बाहेर गेले. मी खाटेशी वाकले. "तात्या, तुम्ही माझ्याबद्दल खोटं बोलला होतात ना?"

"व्हय," तात्या म्हणाले.

तेवढ्यात मागून काकी म्हणाली, "पोरी, येवढा एकच शबुद उरलाय त्यान्ला. च्या पायजे का, व्हय. नको का, व्हय. परवा शेजारच्यानं इचारलं, तात्या, आमदारकीला उभं ऱ्हाता का? तरी व्हयच." ती हसली आणि मग पदराने डोळे पुसू लागली.

मला तिच्याकडे बघवेना. ज्या कबुलीवर मी माफी अडवून धरली होती ती आता या जगात मिळणार नव्हती. आणि प्रभूच्या भाकरीला सोबत म्हणून आलेली मी एका पांगळ्या म्हाताऱ्याची उलटतपासणी घेत होते.

पाळकसाहेब परत आले. भाकर देण्याआधी ते विचारतात, मनात कुणाबद्दल अढी असेल ती सोडली का? तात्या म्हणाले, "व्हय." मग पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी गोधडीची घडी सारखी करू लागले. त्यांनी घाई केली नाही. तुकडा तात्यांच्या डाव्या हातात ठेवला. एका हाताने तो मोडणार कसा? तात्यांनी तो तसाच माझ्यापुढे धरला. चुरा गोधडीवर पडत होता, पण हात खाली येत नव्हता. दुसरे टोक मी धरल्याशिवाय ती भाकर मोडणारच नव्हती.

मी टोक धरले. "सोडली," म्हणाले. मन तोवर मोकळे झाले नव्हते. शब्द आधी आला, मन मागून येत राहिले, अजूनही येते आहे. एखाद्या दिवशी जुना राग तसाच उठून बसतो आणि मला पुन्हा प्रभूच्या हाती तो द्यावा लागतो.

पुढच्या रविवारी मी दाराशी, वडिलांच्या जागी बसले. प्रार्थनेत ती ओळ आली, आवाज फुटका निघाला, पण निघाला. आणि तेव्हा मला आठवले. इथे बसून वडील ती ओळ मोठ्याने म्हणायचे, दर रविवारी, एकदाही न अडखळता. मी पुढे बसून ते ऐकत असे. ज्यांच्या नावाने मी राग सांभाळला त्यांनी तो कधीच खाली ठेवला होता. प्रभू, तू मला त्या घरी नेलेस, तुझे उपकार कसे फेडू? मान खाली घालून मी चपलांकडे पाहत राहिले, आणि पुढची ओळ सगळ्यांबरोबर म्हणाले.